बिटकी खारीचा दारातला दांडा

ओढ्याकाठी एक चिंच. चिंचेच्या बुंध्याला एक ढोली. ढोलीत राहायची एक खार. एवढीशी! नाव तिचं बिटकी.

चिंचेशेजारी होतं जांभळाचं झाड. जांभळं पिकली होती. काळी काळी, गोड गोड! बिटकीची आई चिंचेवरून टुणकन उडी मारायची. जांभळाची फांदी धरायची. हातानं अंग वर ओढायची. की बसली फांदीवर!

बिटकीनंही एकदा उडी मारली. फांदी धरली. पण हातात जोरच नाही! लोंबकळत राहिली बिचारी. आईनं मानगूट धरून परत आणलं.

"हातात जोर आला, की जायचं हं," आई म्हणाली.

मग बिटकीनं काय केलं? ढोलीच्या दारात एक काडी आडवी अडकवली. काडी दिसायला छान, गुळगुळीत. पण जाड की बारीक, ते पाहिलं नाही. दाराला लावून मोजली नाही. जरा आखूड पडली, तर तिथे पान कोंबलं. झालं!

रोज सकाळी बिटकी काडीला लोंबकळायची. एक, दोन, तीन... हूंऽऽप!

आणि एका सकाळी? कट्ट! काडी मोडली. धप्प! बिटकी पडली. काडीचे तुकडे गेले ओढ्यात वाहून.

बिटकी खूप रडली. शेपटी दुखली म्हणून रडली. काडी गेली म्हणून रडली. आता हातात जोर कसा येणार? जांभळावर कधी जाणार? मग तिनं डोळे पुसले आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत भेटला सुतारपक्षी. टक टक टक! लाकूड टोचत होता.

"सुतारमामा, सुतारमामा, दांडा दे ना!
काडी मोडली कट्ट,
मी पडले धप्प!
आता मी लोंबकळू कुठे?"

सुतारमामा म्हणाला, "दांडा देईन. पण तुझं दार केवढं?"

"एवढं!" बिटकीनं हात पसरले.

"नीट सांग बघू."

"एवढ्ढं!" बिटकीनं हात आणखी पसरले.

"मगाशी एवढं, आता एवढ्ढं! तुझं दार वाढतंय का गं? आखूड दांडा निसटेल. लांब दांडा बसायचाच नाही. आधी माप, मग दांडा!"

बिटकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत भेटली शिंपीण पाखरीण. पानाला पान शिवत होती.

"शिंपीणकाकू, शिंपीणकाकू, माप घे ना!
काडी मोडली कट्ट,
मी पडले धप्प!
सुतारमामा दांडा देईना,
आता मी लोंबकळू कुठे?"

शिंपीणकाकू म्हणाली, "माप घेईन गं बाई. पण मोजू कशानं? होता नव्हता तो धागा घरट्याला लागला. आधी धागा, मग माप!"

बिटकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत भेटले कोळीआजोबा. फाटक्या जाळ्यात फुगून बसले होते.

"कोळीआजोबा, कोळीआजोबा, धागा द्या ना!
काडी मोडली कट्ट,
मी पडले धप्प!
सुतारमामा दांडा देईना,
शिंपीणकाकू माप घेईना,
आता मी लोंबकळू कुठे?"

कोळीआजोबा म्हणाले, "धागा देईन, पोरी. पण हे बघ! मी जाळं विणतो. म्हशीचं शेपूट येतं. फटाक! जाळं फाटतं. सकाळपासून सांधतोच आहे. आधी शेपूट थांबव, मग धागा!"

बिटकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

म्हैसमावशी तिथेच उभी होती. तोंड रवंथ करत होतं. शेपूट फटाक फटाक उडत होतं.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, शेपूट आवर ना!
काडी मोडली कट्ट,
मी पडले धप्प!
सुतारमामा दांडा देईना,
शिंपीणकाकू माप घेईना,
कोळीआजोबा धागा देईनात,
आता मी लोंबकळू कुठे?"

म्हैसमावशी म्हणाली, "शेपूट आवरेन गं. पण माशा किती चावतात! आधी माशा, मग शेपूट!"

"शुक शुक!" बिटकीनं माशा हाकलल्या. माशा उडाल्या आणि परत येऊन बसल्या. त्यांना बिटकीची कसली भीती!

"तो बगळा बोलावून आण," मावशी म्हणाली.

बिटकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दमली होती. शेपटी ठणकत होती. पण निघाली.

बगळा ओढ्यात उभा होता. एका पायावर. डोळे मिटून.

"बगळेकाका, बगळेकाका, माशा खा ना!
काडी मोडली कट्ट,
मी पडले धप्प!
सुतारमामा दांडा देईना,
शिंपीणकाकू माप घेईना,
कोळीआजोबा धागा देईनात,
म्हैसमावशी शेपूट आवरेना,
आता मी लोंबकळू कुठे?"

बगळ्यानं एक डोळा उघडला. "काय म्हणालीस?"

अरे देवा! बिटकीनं सगळं पुन्हा सांगितलं. अगदी कट्ट आणि धप्पपासून!

"माशा?" बगळा म्हणाला. "मग आधी माशाच म्हणायचं ना! माझी न्याहारी व्हायचीच आहे."

आणि निघाला की हो! बिटकीला इतकं हायसं वाटलं! ती त्याच्या पुढे पुढे पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु!

बगळेकाकानं माशा खाल्ल्या, टप टप टप.
म्हैसमावशीनं शेपूट आवरलं, गप गप गप.
कोळीआजोबांनी धागा दिला, सर सर सर.
शिंपीणकाकूनं माप घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
सुतारमामानं दांडा केला, टक टक टक!

जाडजूड दांडा. बाभळीचा. आखूड नाही, लांब नाही. बरोब्बर!

बिटकी धावली. "आता लोंबकळू?"

"थांब!" सुतारमामा म्हणाला. त्यानं दाराची कड वाजवून पाहिली. इकडे टक टक. तिकडे भद भद.

"इथे लाकूड भुसभुशीत आहे. इथे नको. जरा खाली बसवू."

खाली वाजवलं. टक टक! पलीकडे वाजवलं. टक टक! मग दोन्हीकडे खोल खाच पाडली. खाचेत दांडा बसवला. घट्ट!

"आता लोंबकळू?"

"थांब!" शिंपीणकाकू म्हणाली. तिनं खाली मऊ मऊ कापूस पसरला.

"आता लोंबकळू?"

"थांब!" सगळे म्हणाले. सुतारमामानं दांडा ओढून पाहिला. हलला नाही. बगळेकाकानं पाय ठेवून दाबला. हलला नाही. कोळीआजोबा धाग्यानं लोंबकळले. त्यांचं वजन ते काय! पण दांडा हलला नाही.

"मी बसू का?" म्हैसमावशीनं विचारलं.

"नको नको नको!" सगळे ओरडले.

"आता लोंबकळ," सुतारमामा म्हणाला.

पण आता बिटकीच मागे सरली. "पुन्हा पडले तर?"

"आधी नुसता धर. पाय खालीच राहू दे."

बिटकीनं दांडा धरला. मग एक पाय उचलला. मग दुसरा. बिटकीनं डोळे मिटून घेतले.

कट्ट झालं नाही. धप्प झालं नाही.

हुश्श!

एक, दोन, तीन... हूंऽऽप! बिटकीची हनुवटी दांड्याच्या वर!

मग रोज सकाळी तेच. एक, दोन, तीन... हूंऽऽप! आज एकदा, उद्या दोनदा, परवा तीनदा. हात झाले चांगले टणक.

आणि एक दिवस बिटकी चिंचेच्या फांदीच्या टोकावर गेली. टुणुक! उडी मारली. जांभळाची फांदी धरली. लोंबकळली. आई धावली मानगूट धरायला.

"थांब, आई!"

एक, दोन, तीन... हूंऽऽप! बिटकी फांदीवर!

आईचा जीव भांड्यात पडला. ती बिटकीला जांभूळ तोडून द्यायला निघाली. पण बिटकी पुढे झाली. सगळ्यात मोठं, सगळ्यात काळं जांभूळ तिनं स्वतः तोडलं आणि आईच्या तोंडात घातलं.

बिटकी आमची वर चढली, गोष्ट तिची पुरी झाली!