महाळुंगाचे खवले

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि मांत्रिक क्षुल्लक कारणावरून रुसत, सुवर्णकेतू नावाचा राजा राहत होता. त्याच्या स्फटिकमहालात पितळी घंगाळात महाळुंगाचे झाड होते. मेजवानीत मानाचा विडा मिळाला नाही म्हणून कंकाळ मांत्रिकाने जाता जाता शाप दिला, की या झाडाचे एक पान गळेल, तसा राजकन्या शाल्मलीचा एक शब्द हरवेल. नवे पान फुटेल, तेव्हाच तो परत येईल.

आणि झाडाला खवले आले. तपकिरी, मसुरीएवढे, फांद्यांना घट्ट चिकटलेले किडे. त्यांच्या पाझराने पाने चिकट झाली, चिकटावर काजळी धरली, आणि पाने गळू लागली. शाल्मलीचा आधी ‘झोपाळा’ गेला, मग ‘ताक’, मग ‘बाबा’.

राजाने झाड विरूपाक्षशास्त्र्यांच्या स्वाधीन केले. म्हाताऱ्या शास्त्रीबुवांना चौदा विद्या येत होत्या आणि त्यांतल्या एकीवरही त्यांचा भरवसा नव्हता. तीन दिवस ते पोथ्याच चाळत बसले. शेवटी झुंबरावरची साळुंकी वैतागली.

“शास्त्रीबुवा, किडा पोथीत नाही, फांदीवर आहे.”

तिने तीन कामे सांगितली. पहिले, राक्षसाच्या डोंगरावरून रिठे आणायचे. राक्षसाने शास्त्रीबुवांना खाण्याआधी पोथीतला एक अध्याय ऐकायला मागितला आणि ऐकताना त्याला झोप लागली. शास्त्रीबुवांनी रिठ्यांचा फेस केला, एकेक पान वरून-खालून पुसले, फांद्या फडक्याने घासल्या. पंधरा दिवसांनी खवले पुन्हा हजर.

त्यांनी कपाळाला हात लावला. फेस पातळ झाला असेल, की जाड? त्यांनी साळुंकीला दोन्ही विचारले. ती म्हणाली, की आईच्या कवचाखालून पिल्ले बाहेर निघतात, म्हणून एकदा पुसून भागत नाही. दर आठव्या दिवशी पुसायचे. दुसरे काम, जखिणीच्या घाण्यावरून करंजाचे तेल आणून फेसात घालायचे. जखिणीने तेल दिले आणि बदल्यात शास्त्रीबुवांची सावली महिनाभर ठेवून घेतली. त्यांनी तीन वेळा, नेमाने, पुसले. खवले तरीही आले. झाडावर अकरा पाने उरली होती आणि शाल्मली आता बोटाने दाखवूनच मागत होती.

“तिसरे काम,” साळुंकी म्हणाली. “उद्या सकाळी पडद्याआड बसा.”

सकाळी राजा आला. त्याने घंगाळाच्या कडेला मूठभर साखर मुंग्यांसाठी घातली, हात जोडले आणि गेला. त्याची आई रोज तसेच करत असे. साखर संपताच मुंग्यांची रांग खोडावर चढली. त्या खवल्यांचा गोड पाझर पीत होत्या आणि पिल्लांना उचलून कोवळ्या शेंड्यांवर नेऊन ठेवत होत्या.

राक्षसापुढे शास्त्रीबुवांनी अध्याय न अडखळता वाचला होता. राजापुढे ते अडखळले.

“महाराज, शत्रूला रसद आपल्याच हातून पोचते आहे.”

राजाचा चेहरा उतरला. “मातोश्रींचे व्रत मोडू म्हणता?”

“व्रत राहू द्या. जागा बदला.”

“आणि हे सांगायला तीन महिने लावलेत?”

“मला वाटले, चूक माझीच असणार,” शास्त्रीबुवा म्हणाले.

राजाने साखर कोटाबाहेरच्या वारुळावर नेली, घंगाळ पाण्याच्या परातीत ठेवायला लावले आणि फेसाचे भांडे स्वतः धरले. आठवड्यामागून आठवडे दोघे पुसत राहिले. मुंग्यांना वाट उरली नाही. खवले वाळून गळाले. नवी पालवी फुटली, पानागणिक शब्द परतले, शापाची गाठ सुटली आणि राज्याची घडी नीट बसली.

शेवटचे पान उलगडले त्या दिवशीही शास्त्रीबुवा फडके घेऊन एकच पान पुसत होते. शाल्मली बराच वेळ बघत उभी होती.

“शास्त्रीबुवा,” ती म्हणाली, “ते पान स्वच्छ आहे. कधीचेच.”

त्यांनी पान उजेडाला धरून पाहिले, आणि पुन्हा एकदा पुसले.