पाणी मोजणारे पाय

एक होतं जंगल. जंगलात होतं तळं. तळ्यावर लोकशाही होती, म्हणजे मत सगळ्यांनी द्यायचं आणि पाणी आधी सिंहमहाराजांनी प्यायचं.

काठच्या खड्यांत हौसा टिटवीची चार अंडी होती. उन्हाळ्यात ती तळ्यात उतरून पोटाची पिसं भिजवायची आणि तशीच अंड्यांवर येऊन बसायची, नाहीतर अंडी उकडली असती. त्यामुळे पाणी किती उरलंय हे तिला अंगावर कळायचं. पोट भिजलं तर ठीक, नुसते गुडघे भिजले तर काळजी. बाई वनविद्यापीठात संशोधक होती. सात उन्हाळ्यांच्या नोंदी मांडून तिनं निबंध लिहिला. निष्कर्ष सरळ होता: रानडुकरांनी लोळायला जो पाट खोदलाय तो तळं पितोय, बुजवला नाही तर वैशाखात तळ उघडा पडेल.

पण पाट बुजवणार कोण? पूर्वी महाराज डुकरं खायचे. आता डुकरांबरोबर खायचे.

नियोजनमंत्री कोल्हेसाहेबांनी निबंध उलटा धरून वाचला. "अभ्यास झकास हो, टिटवीबाई. पण मोजलंय कशानं?"

"माझ्या पायानं, साहेब."

"तिथंच घोडं पेंड खातंय. विकासाच्या मानानं तुमचे पाय फार लांब आहेत."

संध्याकाळी महाराज खडकावर चढले. "बंधूंनो आणि भगिनींनो! पाणी कमी झालेलं नाही! काहींचे पाय वाढलेत! ते कुणाच्या इशाऱ्यावर वाढले, याची चौकशी होईल!" खाली माकडं ओरडली, "पाणीदार नेता, सिंहच जेता!"

मग सरकारी मापक म्हणून बेडकाची नेमणूक झाली. तो पाण्यात बसला आणि म्हणाला, "गळ्यापर्यंत आहे, सरकार!" टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांनी तोच बेडूक चाचरत म्हणाला, "सरकार, पाठ सुकायला लागलीय." त्याची बदली सापाच्या हाताखाली झाली. त्याच्या जागी मुंगी आली.

वैशाखातल्या एका दुपारी तळ्यात ओंजळभर डबकं राहिलं. हौसा त्यात आडवी पडली, कशीबशी एक कूस भिजवली आणि अंड्यांकडे धावत सुटली. वाटेत पिसांतून एक थेंब गळला. खाली मुंगी मोजणी करत होती. ती त्यात बुडाली.

तासाभरात जंगलात महापूर जाहीर झाला. महाराजांनी झाडावरून पाहणी केली. डुकरांना पूरग्रस्त म्हणून दुसरा पाट मंजूर झाला. कोल्हेसाहेब सागाच्या पानावर लिहिलेली नोटीस घेऊन स्वतः हौसाकडे आले.

"बाई, तुमची अंडी पूररेषेत येतात. तीन दिवसांत हलवा."

हौसाचं डोकंच फिरलं. "अहो, कुठाय पूर? भेगांमध्ये पाय अडकतोय माझा!"

"तुम्ही शिकल्यासवरलेल्या. अहवाल समोर असताना डोळ्यांवर कसला विश्वास ठेवता?"

साहेब गेले. हौसा मनसोक्त रडली, त्याहून जास्त शिव्या दिल्या. मग तिचं लक्ष नोटिशीकडे गेलं. पान चांगलं रुंद होतं. तिनं ते दोन खड्यांत रोवून अंड्यांवर उभं केलं आणि स्वतः शेजारी पंख पसरून बसली. चौथ्या दिवशी एका अंड्यातून पिल्लू बाहेर आलं. बाकीची तीन उकडून गेली होती.

पुढच्या निवडणुकीत झाडाझाडावर एक चित्र लागलं: सरकारी पान, पानाखाली पिल्लू, वर हसरे महाराज. 'सरकारची सावली, घराघरांत पोचली.' खाली लाभार्थी म्हणून हौसाचं नाव होतं. तीन अंडी चित्रात बसत नव्हती.