दोन इंच खाली

मी गिरणीत दळण टाकत होतो, तेव्हा धाकटा भाऊ शेखर गेल्याचा फोन आला.

दिवसकार्य उरकताच त्याच्या कार क्लबचे अध्यक्ष कारखानीस नव्या स्प्रिंगांचा खोका घेऊन धापा टाकत आले.

"वहिनी, या घालून शेखरची सेडान दोन इंच खाली बसवू. क्लबातली गाडी उंच ठेवणं अडाणीपणाचं."

मी येरझाऱ्या घालत होतो. आईला डायलिसिसला न्यायला तेवढी एकच गाडी होती.

शेखरची बायको मृदुला कारखानीसांना म्हणाली, "भावोजी, तुमची गाडी?"

"नाक्यावर लावलीय. ती कधीच खाली केली, तुमच्या गल्लीतल्या गतिरोधकांना घासते."

"म्हणून खोका उचलून आणलात. मग सासूबाईंनाही नाक्यापर्यंत तुम्हीच उचलून न्याल ना?"

कारखानीसांनी खोका उचलला आणि नाक्याची वाट धरली.

गाडी अजून शेखरच्याच नावावर आहे. ते बदलायचं राहिलं आहे.