पोथीची दुसरी प्रत

चिमाबाईंना राजाच्या पाठशाळेत धोक्याचं शास्त्र शिकवायचं होतं. राजपंडित गदाधरशास्त्री भर दरबारात हसले. “महाराज, पूर नावाड्याला कळतो, आग लोहाराला, वाळवी सुताराला. मग बाईंच्या शास्त्राला उरलं काय? भोपळा!”

राजा म्हणाला, “बाई, उत्तर द्या, नाहीतर पाठशाळा विसरा.”

चिमाबाईंनी शांतपणे विचारलं, “शास्त्रीबुवा, तुमच्या पोथीची दुसरी प्रत डोंगरावर बहिणीकडे असते म्हणे. कशाला?”

“इथली बुडाली, जळाली, वाळवीनं खाल्ली तर?”

“यातलं नेमकं काय होणार?”

“ते कुणाला ठाऊक!”

“ठाऊक नसताना आज काय करावं, तेवढंच माझं शास्त्र. तुमचा पहिला धडा तर झालासुद्धा!”

दरबार खदखदून हसला. बाईंना पाठशाळा मिळाली, आणि शास्त्रीबुवांनी घरी जाऊन तिसरी प्रत लिहायला घेतली.