म्हाळाईनं फोडलेलं जातं

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांच्याही पणज्या परकरात होत्या तेव्हा, कोळंबगडावर बायकांची बंदिशाळा होती. तिथली रीत मोठी अजब! शिक्षा वर्षांत सांगत नसत. कैदिणीपुढं जातं मांडायचं, ते झिजून फुटेल तेव्हा तिची सुटका. चोरी केली तर जुनं, पातळ जातं. खून केला तर नवंकोरं, वीतभर जाड. मग जन्म सरायचा, पण दगड काही सरायचा नाही.

या जात्यांना टाकी लावायला दरवर्षी म्हाळाई पाथरवटीण गड चढायची. दळून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं टोचून खरखरीत करायचा, हे तिचं काम. एका वर्षी पाहते तर समोर राही! हिनंच मुसळानं नवऱ्याचा जीव घेतला होता, आणि तो नवरा म्हणजे म्हाळाईचा पाठचा भाऊ. राहीची तान्ही ठकू आता म्हाळाईच्याच घरात होती.

म्हाळाईनं छिन्नी नुसती टेकवली. टाकीच्या घावांनी दगड लवकर झिजतो ना! "मरेस्तोवर दळ," म्हणाली. अशी अकरा वर्षं गेली. राही फक्त दरवर्षी विचारायची, "वन्सं, ठकू बरी आहे?" म्हाळाई पुढच्या जात्याकडं वळायची.

बाराव्या वर्षी शेजारच्या जात्यावर घाव चुकला आणि म्हाळाईचा अंगठा ठेचला. राहीनं पदर फाडून बांधला. तेव्हा तिचं वाकडं जुळलेलं मनगट म्हाळाईला दिसलं.

"हे जात्यानं झालं?"

"नाही वन्सं, आधीचं. तुम्ही पाहिलं होतंत. पण जीव मीच घेतला. ते मी नाकारत नाही."

भावानं ते मनगट मोडलेलं म्हाळाईनं खरंच पाहिलं होतं, आणि भावाची बाजू घेऊन गप्प बसली होती. तिनं हातोडा उचलला. असं म्हणतात, त्या एका घावात अकरा वर्षांचे घाव एकदम वाजले, सात गावांत ऐकू गेले आणि जातं दुभंगलं.

ती तिथंच थांबली नाही. एकेका कैदिणीपुढं दिवसभर बसली, विचारलं, "बाई, आता तू कोण आहेस?" आणि ऐकून घेतलं, मग हातोडा चालवला. असं म्हणतात, काही जाती त्याच वर्षी फुटली, काही पुढच्या.

गडाखाली ठकूनं विचारलं, "आत्या, ही कोण?"

"तुझी आई. तिला एवढी वर्षं मी अडवून ठेवलं," म्हाळाई म्हणाली आणि ढसाढसा रडली.

गडाखालच्या गावात आजही नवं धान्य आलं की, ज्यानं आपलं वाईट केलं त्याच्यासमोर म्हाळाईचं नाव घेऊन बसतात. तो तुरुंगात असेल तर तिथं जातात. विचारतात, "आता तू कोण आहेस?" उत्तर ऐकल्याशिवाय नवी भाकरी खात नाहीत. काही जण रडत परततात, काही चिडून. पण जातात.