चिमाबाईचं गुणी बाळ

घरात कुत्रं कोणतं आणायचं हे मांजरं ठरवायची, त्या काळातली गोष्ट. चिमाबाई मांजर पिल्लू पारखायला निघाली, तेव्हा गोठ्यातली म्हातारी शेळी म्हणाली, "नाक ओलं नि डोळे स्वच्छ आहेत ना, तेवढं बघ गं बाई."

कुत्रीकडची धडधाकट पिल्लं चिमाबाईच्या शेपटीलाच झोंबली. एक मात्र कोपऱ्यात मुकाट पडून होतं. नाक कोरडं, डोळ्यांत चिपडं. "कित्ती गुणी!" म्हणत तिनं तेच घरी आणलं.

"अगं, गुणी कसलं, मरायला टेकलंय! पोटात जंत झालेत," शेळी करवादली आणि रोज त्याला कडू पाला चारू लागली. पिल्लू वाचलं.

आता चिमाबाईचा मुक्काम छपरावर असतो. शेळी खालून विचारते, "काय गं, बाळाची तब्येत कशी आहे?"

शेपूट पोटाशी घेत चिमाबाई म्हणते, "जरा जास्तच बरी आहे!"