न पिणारा हलवाई

एका बाजाराच्या गावात एक हलवाई राहायचा. जिलबी त्याची आणि नाव गावाचं! दारूच्या थेंबाला त्यानं जन्मात हात लावला नव्हता आणि हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. मात्र कढईतून उतरलेला प्रत्येक घाणा आधी स्वतः खाऊन बघायचा. "चाखल्याशिवाय विकायचं नाही, वडिलांची शिकवण आहे." चाखायचा म्हणजे काय, चांगला मूठभर! पोट सुटलं तर वर म्हणायचा, "वाळक्या हलवायाचा पेढा कोण घेईल?"

पुढं त्याचे पाय सुजू लागले. डोळेही पिवळे दिसायला लागले.

बायको म्हणाली, "अहो, वैद्यबुवांकडे चला ना."

"वेड लागलंय का तुला? असे डोळे दारुड्याचे असतात. गाव म्हणेल, हलवाई चोरून पितो!"

सूज झाकायला तो पायघोळ, सैल अंगरखा घालून दुकानात बसू लागला. आता काय म्हणावं या माणसाला! बायको रोज विनवायची आणि तो रोज तिला गप्प करायचा.

शेवटी पोटात पाणी भरलं. एक दिवस दुकानातच रक्ताची उलटी झाली. शेजाऱ्यांनी उचलून वैद्यांकडे नेलं. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "देवाशपथ, मी पीत नाही!"

"मी विचारलं का?" वैद्य म्हणाले. "दारूनं यकृत सडतं हे खरंच. पण फार गोडधोड खाऊन चरबी साठली तरी ते बिघडतं. दुसऱ्याच्या रक्तातून आलेली कावीळ अंगात मुरली तरी बिघडतं. हातावरचं गोंदण कुठलं?"

"जत्रेतलं. रांगेत सगळ्यांना एकच सुई होती."

"मग दोन्हीकडून घाव बसले असतील. यकृत बिचारं मुकं असतं हो, सोसत राहतं."

"पुन्हा पहिल्यासारखं होईल ना?"

"निबर झालेलं सहसा परत मऊ होत नाही. उरलंय ते जपू. पाय सुजले तेव्हाच आला असतात, तर पुष्कळ उरलं असतं."

हलवायानं मान खाली घातली. उशाशी बसलेल्या बायकोला रडू आवरेना.

"गावानं तुम्हाला बेवडा म्हटलं असतं, तरी मी ऐकून घेतलं असतं," ती म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात हो."

तात्पर्य काय, तर यकृताला फक्त दारूच खात नाही. आणि लोक काय म्हणतील म्हणून जो दुखणं झाकतो, त्याचं दुखणं झाकणाखाली वाढतच जातं.